पाच नंबरवर कोण?

१

जुनं मशीन उघडायची धाकटीची रीत ठरलेली होती. आधी प्लग काढायचा, मग चहा घ्यायचा, आणि मगच स्क्रू ड्रायव्हरला हात लावायचा. आत साठलेली वीज उतरायला तेवढा वेळ लागतो, असं ती गिऱ्हाइकांना सांगायची. खरं म्हणजे चहाशिवाय तिचं डोकंच चालत नसे. पंचवीस वर्षं कॉम्प्युटर दुरुस्त करता करता तिचे केस पिकले होते. दुकानात सगळे तिला मानाने ‘बाई’ म्हणत. घरी मात्र पन्नाशी उलटली तरी ती धाकटीच राहिली होती, कारण घरी ताई होती.

आजचं मशीन गिऱ्हाइकाचं नव्हतं, ताईचं होतं. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून धाकटीने कॅबिनेट आडवं ठेवलं होतं, आणि समोर ताई मांडीवर पाटी घेऊन परीक्षेला बसल्यासारखी ताठ बसली होती.

ताईला आवाज नव्हता. सहा वर्षांपूर्वी घशाचं ऑपरेशन झालं आणि स्वरयंत्र काढून टाकावं लागलं. तेव्हापासून ती गळ्याच्या खळीतल्या भोकातून श्वास घ्यायची आणि त्यावर पातळ सुती रुमाल बांधायची. ऑपरेशनच्या आधी एका चष्मेवाल्या इंजिनिअरने तिला नऊ दिवस बंद खोलीत बसवून बाराखडीतलं एकेक अक्षर म्हणायला लावलं होतं. ती अक्षरं त्याने एका हातभर लांब कार्डावरच्या चिपांमध्ये भरून दिली. कार्ड कॉम्प्युटरात बसवायचं, कीबोर्डवर लिहायचं, की ताईच्या आवाजात वाक्य बाहेर पडायचं. आवाज सपाट असायचा, त्यात चढउतार नाही की श्वास नाही. हसायला तर अक्षरच नसतं. ताई हौसेने ‘हा हा हा’ लिहायची आणि कार्ड हजेरी घेतल्यासारखं ‘हा. हा. हा.’ म्हणायचं. मग दोघी बहिणी खरोखर हसायच्या, एक आवाजासकट आणि एक आवाजाशिवाय.

कार्ड एकच होतं. इंजिनिअर वारला, त्याचं वर्कशॉप बंद झालं, नक्कल कुठेच नव्हती. शिवाय ते फक्त जुन्या पद्धतीच्या लांब स्लॉटात बसायचं. चार महिन्यांपूर्वी ताईचा कॉम्प्युटर जळला आणि ताई दुसऱ्यांदा मुकी झाली. धाकटीने चार महिने भंगाराचे ढीग उपसले, तेव्हा कुठे तसला स्लॉट असलेलं हे मशीन हाती लागलं. “हा शेवटचा, बाई,” भंगारवाला म्हणाला होता. “असला पुन्हा माझ्याकडे यायचा नाही.”

ताईने पाटीवर लिहिलं, ‘सहापर्यंत होईल?’

सहाला लेकीचा फोन यायचा. एकुलती एक लेक दूरच्या शहरात नोकरीला होती. रोज फोन करायची, आणि चार महिने मावशीशीच बोलून ठेवून द्यायची.

“होईल म्हणजे काय! माझ्या डाव्या हातचा मळ आहे,” धाकटी म्हणाली.

२

धाकटीने स्लॉटांची धूळ फुंकली, ताईचं कार्ड बसवलं, शेजारी फोनचं मोडेम कार्ड बसवलं. मोडेमचं काम सोपं. फोन आला की ते आपोआप उचलायचं आणि ताईच्या कार्डाचा आवाज आणि खोलीतलं बोलणं पलीकडे पोचवायचं. नवी डिस्क जोडून तिने बटण दाबलं.

चालू होताना ताईचं कार्ड स्वतःहून एक शब्द बोलायचं. त्याला त्यासाठी कुठलीच सिस्टिम लागत नसे.

“तयार,” कार्ड म्हणालं.

ताईने डोळे मिटून घेतले. चार महिन्यांनी ती स्वतःला ऐकत होती. तिच्या डोळ्यांच्या कडा भरून आल्या आणि धाकटीने उगाचच चष्मा पुसला.

“तयार,” कार्ड पुन्हा म्हणालं. या वेळी जरा हळू.

धाकटीला त्याचं काही वाटलं नाही. “भांडण आहे,” ती म्हणाली. “अगं, या जुन्या मशीनमध्ये प्रत्येक कार्डाला एक नंबर असतो. दारावरची बेल समज. बेल वाजली की कळतं कोण बोलावतंय. पंधरा-सोळा बेला असतात सगळ्या मिळून. तुझ्या कार्डाला पाच किंवा सात, एवढ्या दोनच चालतात. एका बेलेवर दोघं बसले की असं होतं, एकच शब्द दोनदा वाजतो. शेंबडं पोरसुद्धा सांगेल.”

ताईने लिहिलं, ‘दुसऱ्यांदा म्हणायच्या आधी श्वास घेतला.’

“पंखा आहे तो, ताई.”

ताईने ‘श्वास’ या शब्दाखाली रेघ मारली. मग आणखी एक मारली.

सिस्टिम भरायला सुरुवात झाली, आणि मशीनमधल्या कार्डांची यादी करण्याच्या पायरीवर येऊन सगळं थिजलं. पडद्यावर एकच ओळ होती. पाच नंबर आधीच वापरात आहे.

३

अशा भांडणावर औषध एकच. सगळ्यांना घराबाहेर काढायचं आणि एकेकाला आत घ्यायचं. धाकटीने सेटअपमध्ये जाऊन प्रिंटरची जागा बंद केली, तिचा सात नंबर मोकळा झाला. नको त्या आणखी दोन जागा बंद केल्या. मोडेम उपसलं. पाच वापरातच राहिला, आणि कोण वापरतंय त्या रकान्यात काहीच नव्हतं.

शेवटी तिने ताईचं कार्डही काढून वर्तमानपत्राच्या घडीवर ठेवलं. आता मशीनमध्ये बसायला कुणी उरलंच नव्हतं. तिने पुन्हा यादी काढली.

पाच. वापरात.

“बोर्डच सदोष आहे मेला,” ती पुटपुटली. कुठेतरी दोन तारा चिकटल्या असतील, दुसरं काय. ताईच्या कार्डावर नंबर बदलायला नखाएवढी काळी प्लॅस्टिकची टोपी होती. दोन पिनांवरून उचलायची आणि शेजारच्या दोन पिनांवर बसवायची, की पाचाचा सात होतो. तिने ती टोपी सातवर सरकवली. कार्ड अजून टेबलावरच होतं. आत बसवण्याआधी सात मोकळा आहे ना, एवढं बघायला तिने मशीन पुन्हा चालू केलं.

पाच मोकळा झाला होता. सात वापरात होता.

धाकटीने टोपी परत पाचवर आणली. यादीत पाच. सातवर नेली. यादीत सात. कार्ड मशीनपासून हातभर लांब होतं, त्याला ना तार ना काही. योगायोग दोनदा होतो, फार तर तीनदा.

“ताई, तू हे आतल्या खोलीत घेऊन जा,” ती म्हणाली. “दार लाव. टोपी बदल नाहीतर बदलू नकोस, तुझी मर्जी. मला सांगू नकोस, पाटीवर लिहून ठेव. मी इथे नंबर बघते.”

ताई गेली. दाराची कडी वाजली. सात वेळा ताईने आत मनाला येईल तसं केलं, आणि सात वेळा धाकटीने बाहेर मशीन चालू करून आकडा कागदावर लिहिला. मग पाटी आणि कागद त्यांनी शेजारी शेजारी ठेवले.

सातही आकडे जुळले.

ताईने पाटी पुसली आणि लिहिलं, ‘माझ्या जागेवर कोण बसलंय?’

“कुणी नाही,” धाकटी म्हणाली. पण हे म्हणताना तिने आवाज खाली आणला होता, ते तिच्याच लक्षात आलं. आपण कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून हळू बोलतोय, असा विचार मनात आला आणि तिला स्वतःचाच राग आला.

४

आणि रागाच्या भरात तिने ते केलं जे तिच्या धंद्यातलं माणूसच करेल.

जुन्या दुरुस्तीवाल्यांची एक युक्ती असते. प्रिंटर आणि आवाजाचं कार्ड एकाच नंबरवर आले, तर बिनदिक्कत बसू द्यायचे. प्रिंटर कधीतरीच बेल वाजवतो. एक बोलत असताना दुसरा गप्प असला की भांडण कशाचं? धाकटीने असे शेकडो संसार जमवले होते, एकही मोडला नव्हता.

ताईला बोलायचा दुसरा मार्ग होता, पण त्याचं नाव या घरात कुणी काढत नसे. हॉस्पिटलमधल्या नर्सने ताईला एक शिकवलं होतं. हवा गिळायची आणि ती ढेकरासारखी वर आणत शब्द काढायचे. आवाज घोगरा, तुटका, माणसाचा वाटू नये असा यायचा. ताईने तो एकदाच वापरला. तेव्हा पंधरा वर्षांची असलेली लेक दोन्ही कान झाकून खोलीबाहेर पळाली, आणि ताईने त्या आवाजाला कुलूप घातलं ते घातलंच. आता रोज सकाळी ती न्हाणीघरात नळ सोडून अर्धा अर्धा तास काय करते, हे विचारायची धाकटीची छाती नव्हती. पाणी फुकट जातं एवढंच ती कुरकुरायची.

“जे कुणी असेल ते असो,” ती कॅबिनेटकडे बघून म्हणाली. “चार महिने थांबलोय आम्ही. घे, बेल दोघांची.”

तिने दोन्ही कार्डं बसवली, टोपी पाचवर ठेवली. पडद्याने बजावलं, या नंबरवर आधीच कुणीतरी आहे. खाली बटण होतं, ‘तरीही पुढे जा’. तिने ते दाबलं.

त्यानंतर सगळं लोण्यात सुरी फिरावी तसं सरकत गेलं. साडेचारला सिस्टिम पुरी झाली. ताईने खुर्ची पुढे ओढली, बोटं मोडली आणि लिहिलं.

“धाकटे. चहा. पाज. मेले,” कार्ड सपाट आवाजात म्हणालं.

धाकटी हसत सुटली आणि हसता हसता रडायला लागली. ताईने तिच्या पाठीत धपाटा घातला. सगळा आनंदीआनंद होता, फक्त घरात दूध संपलं होतं. दोघी मिळून ते आणायला बाहेर पडल्या आणि चार महिन्यांत पहिल्यांदाच रमतगमत हिंडून आल्या. मशीन चालूच राहिलं.

परत आल्या तेव्हा पावणेसहा झाले होते. मोडेमचा हिरवा दिवा त्यांच्या देखत विझला. धाकटीने तो पाहिला आणि पातेल्यात दूध ओतलं.

५

सहाला मोडेमने फोन उचलला. लेकीचा आवाज खोलीभर आला.

“आई, ठेवल्यापासून चैनच पडेना बघ. म्हणून परत केला.”

ताईने धाकटीकडे बघितलं.

“परत म्हणजे काय गं?” धाकटीने विचारलं.

“अय्या, मावशी! तू आलीस वाटतं. अगं, आत्ता अर्धा तास बोललो ना आम्ही. तू काय जादू केलीस त्या मशीनवर? आईचा आवाज अगदी पूर्वीसारखा झालाय. हसली ती, मावशी! मी ऑफिसच्या जिन्यात बसून रडले.”

ताईची बोटं कीबोर्डवर अधांतरी राहिली होती.

“काय बोलली ती?” धाकटी मशीनजवळ सरकली.

“ते सांगायचं नाही असं ठरलंय,” लेक हसली. “बरं, सांगते. शनिवारी ये म्हणाली. मावशी दुकानात असेल तेव्हा ये, एकटीच ये. आई, चिडू नकोस हं, माझ्या पोटात काही राहत नाही.”

ताईने हात कीबोर्डवरून काढून मांडीवर घेतले. दोन्ही तळवे उताणे, धाकटीला दिसतील असे. त्याच वेळी स्पीकरमधून हवा आत ओढल्याचा आवाज आला. लांब, ओलसर, तोंडाने घेतलेला श्वास. ताईने तोंडाने श्वास घेऊन सहा वर्षं झाली होती.

“नाही गं, चिडते कशाला?” ताईचा आवाज म्हणाला. त्यात माया होती, शेवटी हसूही होतं. “ये तू. वाट बघते.”

“येते ना,” लेक म्हणाली.

धाकटीने फोनची तार भिंतीतून खेचून काढली.

६

मग तिने मशीनचा प्लगही खेचला. पडदा काळा झाला, पंखा घरघरत थांबला. स्वयंपाकघरातला नळ ठिबकत होता तो ऐकू येऊ लागला.

श्वासही ऐकू येत होता. आत, बाहेर. कॅबिनेटमधून.

धाकटीच्या डोक्यात पंचवीस वर्षांचा अनुभव एकेक कारण पुढे करत होता. साठलेली वीज. तापलेला पत्रा आक्रसतोय. तिने कॅबिनेटच्या मागे बोट नेलं. तिथे एका स्लॉटची पत्र्याची पट्टी पहिल्यापासून नव्हती, बोटभर रुंदीची उभी फट होती. त्या फटीतून हवा येत होती. कोमट आणि दमट. मग ती उलटी फिरली आणि बोटाला आत ओढू लागली.

तिने टॉर्च लावून वाकून बघितलं. जिथे कार्डाची मागची बाजू दिसायला हवी, तिथे काहीतरी गुलाबी होतं, ओलं आणि हलतं. उजेड पडल्याबरोबर ते मिटलं.

धाकटी मागे सरकली ती भिंतीला जाऊन टेकली. ताईने तिच्या हातातला टॉर्च काढून घेतला आणि स्वतः वाकली. ती बराच वेळ बघत होती. ताई घाबरली की नाकपुड्या फुगवते, चिडली की ओठ आवळते. तिने ओठ आवळले होते.

तिने कॅबिनेटमध्ये हात घातला, कार्ड धरलं आणि हिसडा मारून बाहेर काढलं.

“ताई, सांभाळ! अगं, तुझा आवाज आहे तो!”

ताईने मान मागे टाकली. हवा गिळली. धाकटीने सहा वर्षांत न ऐकलेला तो आवाज खोलीत आला. दगडावर दगड घासावा तसा, पण प्रत्येक शब्द लखलखीत.

“होता,” ताई म्हणाली.

ती फटीपाशी वाकली. पुन्हा हवा गिळली.

“उष्टा... आवाज... मला... नको.”

कार्ड तिने गुडघ्यावर ठेवलं आणि दोन्ही हातांनी दाबलं. ते कडकन मोडलं. चिपा फरशीवर उडाल्या, काळी टोपी टेबलाखाली घरंगळत गेली. नऊ दिवसांची बाराखडी इतस्ततः पडली. धाकटीच्या काळजात चर्र झालं, कारण ताईच्या खऱ्या आवाजाचं तेवढंच काय ते उरलं होतं.

आतला श्वास थांबला. संपल्यासारखा नव्हे, कुणी दम रोखून धरावा तसा.

७

ताईने फोनची तार भिंतीत परत खोचली आणि दुसरं टोक मोडेमऐवजी घरातल्या जुन्या काळ्या फोनला लावलं. ती जोडता क्षणीच फोन वाजला. धाकटी उठू लागली. ताईने बोटानेच तिला बस म्हणून खुणावलं आणि स्वतः रिसीव्हर उचलला.

“मी... आई,” ती म्हणाली.

“हॅलो? कोण बोलतंय?” लेकीचा आवाज रिसीव्हरमधून बाहेर पाझरत होता. “फोन कट झाला मघाशी. आईला द्या.”

“मीच... आई.”

ताईने रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. धाकटीला वाटलं, आता लेक फोन ठेवेल. पोरीची काय चूक? कुणीही ठेवेल.

“घाबरू... नकोस,” ताई म्हणाली. “घाबरलीस... तरी... ऐक. मघाशी... मी नव्हते. हसले... ती... मी नव्हते. शनिवारी... येऊ नकोस. मी... येते... तुझ्याकडे.” एवढं बोलून तिला धाप लागली. गळ्यावरचा रुमाल भराभर हलत होता. “कान... झाकलेस... तर... झाक.”

मग लेक बोलली, आणि ती लहान मुलीसारखी बोलली.

“नाही झाकले, आई,” ती म्हणाली. “परत म्हण.”

ताईच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. तिने ते पुसलं नाही. ती पुन्हा बोलायला लागली. हवा गिळायची, शब्द काढायचा, हवा गिळायची. न्हाणीघरातल्या नळाखाली इतकी वर्षं काय चाललं होतं ते धाकटीला आता कळलं, आणि पाण्यावरून केलेली कुरकुर आठवून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याच वेळी टेबलावर खरखर झाली.

कॅबिनेटला प्लग नव्हता, आत कार्ड नव्हतं. तरी तिथे हवा गिळल्यासारखा आवाज झाला, आणि मग घोगरा, तुटका, ताईच्या या नव्या आवाजासारखा एक आवाज आला. “म...” त्याला अक्षर पुरं जमलं नाही. हवा फुसकन निघून गेली. त्याने पुन्हा प्रयत्न केला. “म...”

धाकटीने टेबलाची कड घट्ट धरली. ताईने रिसीव्हर कानापासून जरा लांब केला आणि खांद्यावरून मागे बघितलं, वर्गात मागच्या बाकावर कोण खुसपुसतंय ते बघावं तसं.

“शीक,” ती कॅबिनेटला म्हणाली. “शीक. सहा... वर्षं... लागतात.”

“काय म्हणालीस, आई?”

“तुला... नाही,” ताई म्हणाली, आणि कॅबिनेटकडे पाठ करून लेकीशी बोलू लागली.